रिकामी पायली

"सगळं ठीक आहे, पण यात फोटोग्राफी कुठे आहे?"

गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात माझ्या अकरा फोटोंसमोर उभं राहून परीक्षकांनी हा प्रश्न विचारला आणि मी चक्क गप्प बसले. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर बसते तशी. विषय होता 'माझं गाव'. माझ्या डावीकडे सूर्यास्त लागले होते, एकूण सहा. उजवीकडे एका आजोबांचा सुरकुतलेला चेहरा, ब्लॅक अँड व्हाइट. त्याला पहिलं बक्षीस मिळालं (चेहरा खरंच सुंदर होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही). आणि मधल्या पॅनेलवर माझा संसार: एक सूप, एक अडकित्ता, एक कंदील, एक खलबत्ता, बिडीची पानं कापायची एक कैची, धान मोजायची एक पायली... सगळं पांढऱ्या चादरीवर ठेवलेलं, अगदी समोरून काढलेलं, आणि प्रत्येक वस्तूच्या शेजारी पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. माझी रूममेट म्हणाली, "हे पंचनाम्याचे फोटो वाटतात गं!"

परीक्षकांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मेसमध्ये, प्रॅक्टिकलला, रात्री लाइट गेल्यावर, सारखा तोच. आता उत्तर सुचलंय. उशीर झाला हे खरं, पण आपल्या विद्यापीठात रिव्हॅल्युएशनची सोय असतेच की!

आधी हे फोटो आले कुठून ते सांगते. दवनीवाडा हे माझं आजोळ. गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या. (होस्टेलवरच्या पुणे-सातारच्या मैत्रिणींसाठी: तुम्ही ज्याला भात म्हणता त्याला आम्ही धान म्हणतो. भात ताटात असतो.) गोंदियाचा फोटो म्हटलं की लोकांना सारस पक्षी आठवतो, नाहीतर नवेगावबांधचं तळं. दवनीवाड्याचा फोटो म्हटलं की कुणाला काहीच आठवत नाही, आणि मलाही आठवत नव्हतं. लहानपणापासून दर सुट्टीत तिथे गेले, पण डोळ्यांसमोर काय येतं विचाराल तर फक्त अंगणातला पंप.

गेल्या हिवाळ्यात सेमिस्टर संपवून गेले तेव्हा मामाने जुनं मातीचं, कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं होतं. माळ्यावरचं सगळं सामान अंगणात उतरवलेलं. दोन दिवसांनी भंगारवाला येणार होता. त्या ढिगाकडे पाहताना माझ्या लक्षात आलं की यातल्या निम्म्या वस्तूंची नावंसुद्धा मला येत नाहीत. मी कॉन्व्हेंटची. पहिलीच्या चित्रांच्या पुस्तकात सूप म्हणजे वाडग्यातलं, वाफ निघणारं, टोमॅटोचं. आजी "सूप घेऊन ये" म्हणाली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे, ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

तर ठरवलं, भंगारवाला यायच्या आत प्रत्येक वस्तूचा एक फोटो काढायचा. भावनाबिवना नकोत. मेकॅनिकलच्या पोरीला जे सुचणार तेच सुचलं: फर्स्ट इयरचं ड्रॉइंग! फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. ओसरीवर चादर लावली, स्टुलावर विटा रचून त्यावर मोबाइल टेकवला, अंतर सहा फूट, वेळ सकाळी दहाची, ऊन अजून ओसरीत शिरलेलं नसताना. मनात विचार असा की मी यात कुठेच नको. वस्तू जशी आहे तशी यावी.

पहिल्याच फोटोला फजिती झाली. कंदिलाची काच काळी होती म्हणून मी ती आधी राखेने घासून लख्ख केली. आजी आली, बघितलं, म्हणाली, "काजळी काहून काढली वो? आता हा कंदील कधी पेटलाच नाही असा दिसते."

झालं. 'जशी आहे तशी' म्हणणाऱ्या मुलीने पहिल्याच वस्तूचा पुरावा पुसून टाकला होता, आणि तोही स्वच्छतेच्या संस्कारापायी!

आपल्या डिपार्टमेंटमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं, की कॅमेरा खोटं बोलत नाही. इंजिनिअरांच्या तोंडी तरी हे वाक्य शोभत नाही, कारण कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं हे आपल्याला माहीत असायला हवं. मोबाइलच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एकच रंगाची काच असते, हिरवी, लाल किंवा निळी. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं १९७६ चं पेटंट आहे ते. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवतो. सरळ हिशोब: फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी एक तृतीयांश मोजलेले आणि दोन तृतीयांश अंदाजाने भरलेले! लॅबमध्ये असं जर्नल दिलं तर सर तोंडावर फेकतील. त्यावर पुन्हा ऑटो व्हाइट बॅलन्स. ओसरीतल्या सावलीत माझं बांबूचं पिवळं सूप आधी निळसर आलं, मग मोबाइलला काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या फोटोत ते गोरं झालं. मी मध्ये कुठेच हात लावला नव्हता.

आणि अंतर! पायलीचा फोटो जवळून काढला तर तोंड मोठं आणि बूड लहान दिसतं, जणू बादली. सहा फुटांवरून काढला तर ती सरळ सिलेंडर दिसते. दोन्हीपैकी खोटा फोटो कोणता? दोन्ही खरे आहेत, फक्त मी वेगवेगळ्या ठिकाणी उभी आहे. ड्रॉइंगच्या पहिल्या लेक्चरला सांगतात ना, एका व्ह्यूवरून वस्तू कळत नाही, सिलेंडरचा फ्रंट व्ह्यू आयत असतो आणि आयताकृती डब्याचाही आयतच. फोटो म्हणजे नेहमी एकच व्ह्यू, आणि त्यात हिडन लाइनची सोय नाही. जे दिसत नाही ते तुटक रेषेने दाखवायचं ही ड्रॉइंगची केवढी मोठी अक्कल आहे, हे मला त्या ओसरीत कळलं. फर्स्ट इयरला तर मी मिनी ड्राफ्टर नीट बसत नाही म्हणून रडत होते.

होस्टेलवर परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. माझं हे चादरीवरचं खूळ नवीन नव्हतं, हे पाहून आधी वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, ब्लास्ट फर्नेस, कूलिंग टॉवर, खाणींचे सांगाडे यांचे फोटो काढले, आयुष्यभर. आकाश ढगाळ करडं असेल तेव्हाच, म्हणजे सावली पडणार नाही. समोरून, शिडी नाहीतर उंच जागा शोधून, म्हणजे टाकी वर निमुळती दिसणार नाही. मग नऊ किंवा पंधरा टाक्या शेजारीशेजारी मांडायच्या. तुम्ही बघत राहता आणि हळूहळू कळतं की एकही टाकी दुसरीसारखी नाही. १९९० साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना बक्षीस मिळालं, तेही शिल्पकलेचं! आपल्या कॉलेजच्या पाण्याच्या टाकीखाली आपण चार वर्षं चहा पितो. तिला खांब किती आहेत? (मी मोजले. तुम्हीही मोजा.)

अमेरिकेत वॉकर इव्हान्सने १९५५ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी हत्यारं टिपली. पकड, पाना, गवंड्याची थापी. साधं करडं बॅकग्राउंड, बाकी काही नाही. वर्कशॉपला जो पाना आपण तेलकट हाताने ट्रेमध्ये भिरकावतो, तोच. आणि एडवर्ड वेस्टनची १९३० ची ढोबळी मिरची तर जगप्रसिद्ध आहे. तिचं नावच 'पेपर नंबर ३०'. नावातला तो तीस मला फार आवडला, कारण तो आकडा सांगतो की ही काही सहज दिसलेली मिरची नाही, हिच्याआधी बऱ्याच झाल्या. शिवाय ती मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, उजेड हवा तसा पडावा म्हणून. म्हणजे सगळे 'जसं आहे तसं' वाले आधी भरपूर मांडामांड करतात. बेखर ढग यायची वाट पाहतात, वेस्टन नरसाळं शोधतो, मी काच घासते. माझी काच चुकली, त्यांचं नरसाळं चुकलं नाही, एवढाच फरक.

पण एवढं लांब जायची गरज नव्हती. आपल्याकडे दादासाहेब फाळके आहेत. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सगळ्यांना पाठ असतो, जनरल नॉलेजच्या परीक्षेमुळे. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा लावून तो उगवताना कॅमेऱ्याने टिपला. 'अंकुराची वाढ'. देव नाही, राजा नाही, एक वाटाणा! ती फिल्म पाहून लोकांचा विश्वास बसला आणि पहिल्या चित्रपटासाठी कर्ज उभं राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी सततच्या ताणाने त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, हेही लक्षात ठेवा. नजर परत मिळाल्यावर माणूस महिनाभर रोज एका वाटाण्याकडे बघतो, मला तर हे फार मोठं वाटतं.

आता इथे माझ्यातली इंजिनिअर गप्प बसत नाही. गोष्ट अशी सांगतात की रोज एक फ्रेम, महिन्याहून थोडे जास्त दिवस, आणि तयार फिल्म मिनिटाच्या वर. मूकपट साधारण सेकंदाला सोळा फ्रेमच्या वेगाने चालायचे. साठ सेकंद गुणिले सोळा, ९६०. दिवस धरा पस्तीस. रोज एक फ्रेम असेल तर पस्तीस फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांत खेळ खल्लास. मिनिटभराची फिल्म हवी तर रोज सत्तावीस-अठ्ठावीस फ्रेम लागतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मी हे मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "तू फाळक्यांना खोटं ठरवतेस?" अजिबात नाही. वाटाणा खरा, फिल्म खरी, मेहनत तर खरीच. आपण मात्र गोष्ट इतक्या प्रेमाने सांगतो की भागाकार करायला विसरतो. आणि गंमत बघा, फाळक्यांची एकेक फ्रेम जशी आहे तशी, प्रामाणिक, पण त्या ओळीने लावल्यावर जे दिसलं, मिनिटात वर चढणारा वेल, ते कुठल्याच माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. खऱ्या तुकड्यांतून न पाहिलेली गोष्ट दिसते, आणि तीही खरीच असते. यावर मला अजून नीट बोलता येत नाही.

रूममेटच्या 'पंचनामा' या शब्दालाही आपल्याकडेच उदाहरण आहे. मुंबईचे छायाचित्रकार नारायण विरकर १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत गेले आणि त्यांनी भिंतीचे फोटो काढले. भिंतीत गोळ्यांच्या खुणा, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारी माणसं. भिंत ही किती साधी वस्तू! त्या फोटोत ना रक्त आहे ना गर्दी. पण भिंतीवरच्या खुणा कुणाच्या उंचीला आहेत हे शेजारच्या माणसावरून कळतं. विरकरांनी स्टीलच्या पट्टीऐवजी माणूस उभा केला. 'यात फोटोग्राफी कुठे आहे' असं त्या फोटोंसमोर कुणी विचारेल?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण माझे फोटो पाहून दोघातिघांनी तेच नाव घेतलं. दि. गं. केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे कवी. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी आपला संग्रह उभा केला: दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, वाद्यं. मी शाळेच्या ट्रिपला ते पाहिलंय आणि अडकित्त्यांसमोरून हलले नव्हते. पण मनात येतं, तिथे पोचले ते देखणे अडकित्ते. आमच्या घरचा अडकित्ता म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या आणि एक खिळा. त्याला काचेमागे कोण बोलावणार? त्याच्यासाठी ओसरीवरची चादरच बरी.

आता पायली.

आमची पायली लोखंडी पत्र्याची, रिवेट मारलेली, काठाला जाड पट्टी. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, किलो आले, पण घरातल्या घरात, देण्याघेण्यात, पायली चालूच राहिली. मी तिचे तीन व्ह्यू काढले. आतून मोजमाप घेतलं: व्यास १८ सेंटिमीटर, उंची १५. आकारमान ३८१७ घन सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर. मला वाटलं झालं काम. फोटो आहे, पट्टी आहे, आकडा आहे. यापेक्षा ऑब्जेक्टिव्ह ते काय असणार!

आजी बाजेवर बसून माझे उद्योग बघत होती. म्हणाली, "रिकामी पायली सारी सारखीच रायते. भरतानी समजते, कोनाची हाये ते."

मी विचारलं, म्हणजे काय? तिने सांगितलं ते असं. धान मोजायच्या दोन रीती. एक सपाट: पायली भरायची आणि काठावरून हात फिरवून वरचं पाडायचं. दुसरी शीग: ओतत राहायचं, वर डोंगर होऊन कडेने दाणे घरंगळेपर्यंत. पेरणीच्या वेळी ज्याच्या घरी बियाणं नसे तो मोठ्या घरातून दिडीने धान न्यायचा. दहा पायली न्यायचे आणि दिवाळीनंतर मळणी झाली की पंधरा परत द्यायचे. इतपत मला समाजशास्त्राच्या पुस्तकातूनही कळलं असतं. पुढचं नसतं कळलं. "देतानी सपाट," आजी म्हणाली, "अन् घेतानी शीग."

तिच्या माहेरी, तिच्या वडिलांनी, असं धान किती वर्षं उचललं ते तिला आठवतं. आणि मग ती लग्न होऊन या घरात आली, ज्या घरातून असं धान दिलं जायचं. हीच पायली उंबऱ्यावर ठेवली होती, तांदूळ भरून, आणि हिलाच उजवा पाय लावून, माप ओलांडून ती आत आली. "दोन्हीकडली पायली मी पायली हाये, बाई." मला आधी वाक्य समजलंच नाही. आमच्याकडे 'पाहिली'ला 'पायली' म्हणतात, हे कॉन्व्हेंटच्या कानाला जरा उशिराने कळतं. तिला कोटी करायची नव्हती. ती सरळ सांगत होती.

मी घरात गेले, धान आणलं, आणि पायली शीग लावून भरली. डोंगराची उंची काठापासून सहा सेंटिमीटर आली. (उताराचा कोन साधारण ३४ अंश. सिव्हिलवाल्यांनो, हाच तुमचा अँगल ऑफ रिपोज!) शंकूचं आकारमान ५०९ घन सेंटिमीटर. खात्री म्हणून वरची शीग हाताने काढून मोजमापाच्या मगमध्ये ओतली, पाचशेच्या रेषेच्या किंचित वर. म्हणजे सपाट पायलीच्या बरोबर दोन पंधरांश. शेकडा १३.३. आता दिडीचा हिशोब मांडा. नेलं दहा पायली सपाट. परत केलं पंधरा पायली शीग. पंधरा शीग म्हणजे सतरा सपाट. तोंडाने पन्नास टक्के बोलायचे, आणि हाताने सत्तर टक्के घ्यायचे, तेही वर्षाला नव्हे, पेरणी ते मळणी एवढ्या पाच-सहा महिन्यांचे. वहीत मात्र सगळं चोख. दहा नेले, पंधरा आणले. पायली तीच, पत्रा तोच, कुणी मापात खोट केली असं म्हणताच येणार नाही.

मी हे मामाला दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बेटा, तेव्हा सगळेच करत होते. आणि आपण दिलं नसतं तर त्यांना बियाणं दिलं असतं कोणी? बँकेनं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तो चुकीचं बोलतोय असंही मला म्हणता येत नाही. त्याने हे छापू नको म्हटलं. शेवटी असं ठरलं की नाव लिहायचं नाही. म्हणून लिहिलेलं नाही. पण घर आमचंच होतं, दुसऱ्याचं नव्हतं, एवढं लिहिणं मला भाग आहे. नाहीतर कंदिलाची काच मी दुसऱ्यांदा घासली असं होईल.

तर परीक्षक सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही म्हणालात, नुसती पायली काय दाखवतेस, त्यात भाव पाहिजे, जरा कोन बदल, संध्याकाळचा सोनेरी उजेड घे, धान ओसंडून वाहताना दाखव. सर, मी तो फोटो मनातल्या मनात काढून पाहिला. काठोकाठ भरून वाहणारी पायली, मागे धूसर झालेलं अंगण, खाली कॅप्शन 'समृद्धी'. बक्षीस नक्की मिळालं असतं. पण ज्याला तुम्ही समृद्धी म्हणाल ती शीग कुणाच्या तरी खळ्यातून पंधरा वेळा जास्तीची गेलेली आहे. त्या सोनेरी फोटोवरून हे कधीच कळलं नसतं, कारण त्यात मोजायला काही ठेवलेलंच नसतं.

माझा चादरीवरचा फोटोही ते सांगत नाही, हे मी कबूल करते. त्यात पायली रिकामी आहे आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे रिकामी पायली सगळ्यांची सारखीच. पण मग दोघांत काय निवडायचं? माझं मत पट्टीच्या बाजूचं आहे, आणि हे मत मी इंजिनिअरिंगला आहे म्हणून नाही. पट्टी ठेवलेला फोटो निदान हे तरी म्हणतो, की माझं खरं करू नका, तपासून बघा. तो बघणाऱ्याच्या हातात भागाकार देतो. आजीचं वाक्य मी ऐकलं तेव्हा माझ्याकडे व्यास आणि उंची होती, म्हणून गोष्टीचा आकडा झाला, आणि आकडा झाला म्हणून मामाला तो कागद बाजूला सारता आला नाही. नुसत्या गोष्टीला तो "म्हातारीचं काय ऐकते" म्हणाला असता. उलट, नुसत्या आकड्याला आजीची गोष्ट नसती तर मी ३८१७ लिहून, खाली डबल लाइन मारून मोकळी झाले असते.

त्यामुळे मला वस्तुनिष्ठता या शब्दाची आता जरा भीतीच वाटते. आपण तो शब्द असा वापरतो की जणू बघणारा खोलीतून बाहेर गेला. तो जात नाही. चादर कुणीतरी लावते, काच कुणीतरी पुसते, ढगाची वाट कुणीतरी बघतो. लपवायचं असेल तर लपवता येतं, नाहीतर लिहून ठेवता येतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'प्रिकॉशन्स' आणि 'सोर्सेस ऑफ एरर' एकमेकांचे बघून उतरवतो ना, तेच जर खरेखुरे लिहिले तर? पुढच्या वर्षी प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली दोन ओळी असाव्यात, असं मी आर्ट सर्कलला सुचवलंय: फोटो काढण्याआधी तुम्ही काय हलवलं, आणि चौकटीबाहेर काय ठेवलं. सहा सूर्यास्तवाल्यांपैकी एकजण मला हळूच म्हणाला, "माझ्यात विजेचे तीन खांब एडिट केलेत." मी म्हटलं, खांबांचाच फोटो लाव ना!

आणि आणखी एक, हे खास होस्टेलकरांसाठी. एक वस्तू घ्या. खोलीतलीच, बादली, मेसचं ताट, टेबलाचा कोपरा, काहीही. तिचा एक साधा, समोरून फोटो काढा आणि मग जिने ती रोज वापरली त्या माणसाला दाखवा. आमच्या मजल्यावरच्या मावशींना मी त्यांच्या झाडूचा फोटो दाखवला. त्यांनी तो एका नजरेत ओळखला आणि म्हणाल्या, "हा डावीकडं झिजलाय, कारण त्या जिन्याला उजवीकडं भिंत आहे." तीन वर्षं मी त्या जिन्यावरून चढते-उतरते.

भंगारवाला ठरल्या दिवशी आला. कंदील, खलबत्ता, दोन घमेली, खिडकीचे गज असं सगळं वजनावर गेलं. अडकित्ता मी मागून घेतला. पायली आजीने स्वतःच उचलून आत नेली, काही न बोलता. त्या दुपारी तिने मला हाक मारली, धानाच्या पोत्याशी बसली होती. म्हणाली, "आता काढ फोटू." एका हाताने तिने पायली धरली आणि दुसऱ्या हाताने धान ओतत राहिली, आधी काठापर्यंत, मग वर, दाणे घरंगळून तिच्या लुगड्यावर पडेपर्यंत. मग थांबली आणि तळहात काठावरून फिरवून शीग खाली पाडली. पुन्हा ओतली. पुन्हा पाडली. आत उजेड कमी होता, चादर नव्हती, पट्टी लावायचं सुचलंच नाही.

तो बारावा फोटो मी स्पर्धेला दिला नव्हता. त्यात पायली स्पष्ट आली आहे, हात हललाय.